एकाच हातानं घाला

देवळाली प्रवऱ्याच्या वरच्या अंगाला, कालव्याला लागून मुक्ताबाईचं घर. घरात माणसं तीन आणि म्हैस एक. पण ज्या उन्हाळ्याची ही गोष्ट आहे, त्या उन्हाळ्यात त्या घरातल्या दोन बायका एकमेकींशी बोलत नव्हत्या, दोघी बोलायच्या त्या म्हशीशी.

मुक्ताबाई आणि तिची सून मोनिका यांचा अबोला होता. कारण विचाराल तर सांगायलाही लाज वाटावी इतकं लहान. शेजारच्या लंकाबाईकडे पापड लाटायला बसली असताना मुक्ताबाई बोलून गेली, की सुनेच्या हाताला म्हैस पान्हा चोरते, दूध वर ओढून धरते. लंकाबाईच्या पोटात बोलणं राहत नाही हे सगळ्या वस्तीला ठाऊक आहे, मुक्ताबाईलाही ठाऊक होतं. पापड वाळायच्या आत ते वाक्य मोनिकाच्या कानावर गेलं. मोनिकानं आदळआपट केली नाही, रडली नाही. नुसतं बोलणं बंद केलं. मुक्ताबाईला वाटलं, येईल चार दिवसांत वठणीवर. ती आली नाही, तेव्हा मुक्ताबाईनंही तोंडाला कुलूप लावलं. मग आधी कोणी बोलायचं यावर दोघी अडून बसल्या आणि दोन दिवाळ्या तशाच निघून गेल्या.

मुक्ताबाईचा मुलगा रामहरी दूध संघाच्या टेम्पोवर ड्रायव्हर. पहाटे जायचा, दिवेलागणीला यायचा. त्यानं आधी दोघींना समजावलं, मग दोघींवर ओरडला, मग नाद सोडला. बायकांच्या भांडणात पडू नये असं म्हणायचं, जेवायचं आणि झोपायचं, ही पुरुषांची फार जुनी सोय आहे.

पण संसार म्हटला की निरोप द्यावेच लागतात. ते म्हशीमार्फत जायचे. म्हशीचं नाव गजरा. मुक्ताबाई गोठ्यात शेण भरता भरता मोठ्यानं म्हणायची, "गजरे, उद्या लाईट जानार हाय म्हनं. टाकी भरून घ्यावी मानसानं." मोनिका ओट्यावरून ऐकायची आणि मोटर चालू करायची. संध्याकाळी धार काढताना मोनिका सांगायची, "गजरे, गॅस संपत आलाय. कोनाला पेन्शन आनायला तालुक्याला जायचं असंल तर नंबर लावून यावं." मुक्ताबाई नंबर लावून यायची. गजरा बिचारी कान हलवत रवंथ करायची. आलेगेले हसायचे, आणि खरं सांगायचं तर त्या दोघींनाही त्यात थोडी मजा वाटायला लागली होती. भांडणाची गोडी लागली की ते मिटवावंसं वाटत नाही.

गोठ्याचीही वाटणी झाली होती. सकाळची वैरण, सकाळची धार सासूची. संध्याकाळची सुनेची. बादल्या वेगळ्या. डेअरीच्या पावत्या येत त्यात सकाळ-संध्याकाळचे आकडे वेगळे असत, आणि रामहरीनं त्या खिशातून काढून ओट्यावर टाकल्या की दोघी आपापल्या कोपऱ्यातून, बघत नसल्यासारखं दाखवत, बघायच्या.

गजरावर मुक्ताबाईचा जीव होता, त्यात खोट नाही. तिचा नवरा आसाराम असताना घोडेगावच्या बाजारातून आणलेली ती. तेव्हा ती वगार होती, एकदाही न व्यालेली. आसारामबरोबर त्याचा दोस्त गनीभाई गेला होता. गनीभाईचं श्रीरामपूर रोडला पेंड-भुशाचं दुकान. जनावराची पारख त्याला वडिलांपासून. त्यानं अख्खा बाजार हिंडून या वगारीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, हीच घे. आसाराम पुढं हार्टफेलनं गेला, गजरा राहिली. तेव्हापासून दर वर्षी ईदच्या सकाळी मुक्ताबाई गजराचं पहिल्या धारेचं दूध गनीभाईच्या घरी पाठवायची. शीरखुर्मा त्याच दुधाचा व्हायचा आणि दुपारी त्याचा डबा मुक्ताबाईकडे यायचा. या कामात अबोल्याचाही अडथळा नव्हता. त्या मार्चमधल्या ईदलाही दूध गेलं होतं, डबा आला होता, आणि सासू-सुनेनं तो वेगवेगळ्या वाट्यांत घेऊन वेगवेगळ्या खोल्यांत खाल्ला होता.

ईद झाली आणि उन्हानं डोकं वर काढलं. पाडव्यापासूनच पत्रे तापायला लागले. म्हशीची कातडी काळी, तिला घाम फारसा येत नाही. ऊन चढलं की ती आतून भाजून निघते आणि खाणं सोडते. खाणं सुटलं की दूध आटतं. हिरवं म्हणून उसाच्या शेंड्यांचं वाढं असायचं, पण ऊसतोड संपून कारखान्याचा पट्टा पडला तसं तेही संपलं. राहिला कोरडा कडबा. गजरा त्याच्याकडे बघून तोंड फिरवायची. दोन्ही बादल्या उतरायला लागल्या, आणि दोघी बायकांच्या मनात एकच विचार आला, की माझी तिच्यापेक्षा कमी उतरली पाहिजे.

एके दिवशी मुक्ताबाईला संध्याकाळची बादली भरलेली दिसली. दुसऱ्या दिवशीही. हे कसं, ते तिला कळेना. तिसऱ्या दिवशी ती पदर डोक्यावर घेऊन भर उन्हाची गनीभाईच्या दुकानात गेली आणि उन्हाळ्यात म्हशीला काय घालायचं ते विचारलं.

गनीभाई हसला. म्हणाला, सूनबाई परवाच उन्हाळी भुकटी घेऊन गेली की. चांगली भुकटी आहे. मीठ, सोडा, खनिजं आणि थोडा युरिया. कोरड्या कडब्यावर पाण्यातून शिंपडायची, म्हैस आवडीनं खाते, पचवते. एक पिशवी महिनाभर जाते, आणखी कशाला नेता?

मुक्ताबाईला काय वाटलं असेल ते वाटलं. सुनेनं आणलेल्या पिशवीला हात लावायचा म्हणजे तिच्यासमोर नाक घासायचं. ती म्हणाली, "ती तिनं माहेरी धाडली. तिच्या भावाच्या म्हशीला. आमच्यासाठी येगळी द्या."

गनीभाईनं पिशवी काढली, पण लगेच हातात दिली नाही. हसणंही थांबलं होतं.

"वहिनी, ह्यात युरिया हाय. मापात हाय तवर औषध, मापाभायेर गेला तर इख. दिवसाला एकच माप. उपाशीपोटी न्हाई, आनि वरनं लगेच पानी दावायचं न्हाई. आनि एकाच हातानं घाला. घरात एकच मानूस ठरवा, तुमी न्हाईतर सूनबाई. दोघींनी घातली तर म्हस हातची जाईल."

"कळतं मला," मुक्ताबाई म्हणाली.

तिनं ती पिशवी भुशाच्या पोत्यात खोल खुपसून ठेवली. सकाळी वैरणीवर ती आपलं माप शिंपडायची, संध्याकाळी मोनिका तिचं. दुसरीही रोज घालते आहे हे मुक्ताबाईला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढं तिनं स्वतःलाच ते माहीत नसल्यासारखं पटवायचा पुष्कळ प्रयत्न केला.

तिचा हिशेब असा होता, की काही तरी होईल आणि सून आपलं माप अर्धं करेल. आपण दोघी मिळून जास्त घालतोय हे जिला कळेल ती मागं हटेल. अर्थात हटायचं दुसरीनं. एकदा शेण भरताना तिच्या ओठापर्यंत आलं होतं. "गजरे, तुला सकाळी कोन काय घालतं ते..." एवढं ती म्हणाली आणि थांबली. ओट्यावर मोनिका तांदूळ निवडत होती, तिचा हात थांबला. मग मुक्ताबाईनं घमेलं उचललं आणि ती उकिरड्याकडे गेली. सांगितलं असतं तर चोरून पिशवी आणल्याचं उघड झालं असतं. सुनेची नक्कल केली, हे आपल्याच तोंडानं कबूल झालं असतं.

आणि गंमत अशी की काही दिवस सगळं नीट चाललं. सकाळ आणि संध्याकाळ यांच्यात अंतर होतं, पोटात आधीचं काही ना काही असायचं, जनावरानं सोसलं. दोन्ही बादल्या चढल्या. रामहरी खूश होऊन म्हणाला, एवढ्या उन्हात आपली म्हैस दूध वाढवते, संघातले लोक विचारतात. दोघींनी आपापल्या खोलीत बसून ते कौतुक आपलंच आहे असं मानून घेतलं.

मग तो दिवस आला. पहाटेच लाईट गेली. कडबा कुट्टी करायचं मशीन बंद, मोटर बंद. अख्खा कडबा गजरानं हुंगून सोडून दिला. रोज दुपारी तिच्या अंगावर पाणी मारायचे, त्या दिवशी टाकीत प्यायपुरतंच होतं. सकाळपासून उपाशी जनावर दुपारपर्यंत जीभ काढून उभं. दुपार कलली तेव्हा लाईट आली. मुक्ताबाईनं घाईनं कुट्टी केली, सकाळचं राहिलेलं माप पाण्यात कालवलं, आणि सकाळी दूध कमी निघालं होतं म्हणून माप जरा शिगेचंच घेतलं. गजरा तुटून पडली. गव्हाण चाटूनपुसून रिकामी केली.

मुक्ताबाई दारात येऊन शेवग्याच्या शेंगा सोलायला बसली. तेवढ्यात मोनिका बाहेर आली. तिला वस्तीवर कोणाच्या तरी हळदीला जायचं होतं, ती नवी साडी नेसली होती, आणि संध्याकाळचं काम ती लवकर उरकून घेत होती. तिच्या एका हातात कुट्टीची पाटी, दुसऱ्या हातात भुकटी कालवलेलं पाणी.

ती मुक्ताबाईच्या समोरून गेली. गव्हाणीच्या कडेला पांढरे ओले ठिपके अजून वाळले नव्हते. मोनिकानं ते पाहिले. मुक्ताबाईनं तिला ते पाहताना पाहिलं. सुनेनं मागं वळून दाराकडे बघितलं, सासूनं मान खाली घालून शेंग सोलली. "आत्ताच घातलंय," हे दोन शब्द. किंवा "घातलंय का?" हेही दोनच. कुणी एकीनं ते म्हशीला उद्देशून म्हटले असते तरी भागलं असतं. मोनिकानं पाटी ओतली, वरून पाणी शिंपडलं, आणि बादलीभर प्यायचं पाणी पुढं ठेवून ती हळदीला गेली.

ऊन उतरायच्या आत गजराचे कान फडफडायला लागले. मग अंग थरथरलं. तोंडातून फेस आला, दात करकर वाजायला लागले, डावी कूस ढोलासारखी फुगली. मुक्ताबाईनं लंकाबाईला हाक मारली, लंकाबाईनं सगळ्या वस्तीला. कोणी डॉक्टरला फोन केला, डॉक्टर लोणी गावाकडे होता, निघतो म्हणाला. कोणी गनीभाईला केला. तो दुकान उघडं टाकून स्कूटरवर आला, येताना शिरक्याचा, म्हणजे व्हिनेगरचा, कॅन घेऊन. मोनिकाही निरोप ऐकून धावत आली, कपाळाची हळद तशीच.

गनीभाईनं गजराच्या नाकाशी नाक नेलं, फेस बोटावर घेतला, आणि उठून दोघींच्या समोर उभा राहिला.

"हे बघा, येळ न्हाई. भुकटी जास्त गेली असंल तर हा शिरका थंड पान्यातून भरपूर पाजायचा, आत्ताच्या आत्ता. पन ऊन लागलं असंल तर अशा थरथरत्या जनावराच्या तोंडात कायबी वतायचं न्हाई. छातीत जातंय आनि जागेवर मरतंय. खरं सांगा. आज किती मापं गेली?"

माणसं गोळा झाली होती. सगळे दोघींकडे बघत होते. मुक्ताबाईला मोनिका बोलेल असं वाटत होतं. मोनिकाला मुक्ताबाई बोलेल असं वाटत होतं. गजरा पुढच्या गुडघ्यांवर बसली.

"एकच माप," मोनिका म्हणाली. "तुमी सांगितलेलं तेवढंच."

ते तिच्यापुरतं खरं होतं. गनीभाईनं मुक्ताबाईकडे पाहिलं. "वहिनी, सकाळी?"

"सकाळी लाईट न्हवती," मुक्ताबाई म्हणाली. "कायबी घातलं न्हाई."

हेही खरंच होतं. खरं बोलूनही किती खोटं बोलता येतं, ते त्या दिवशी त्या अंगणात दिसलं.

"एका मापानं असं हुत न्हाई," गनीभाई स्वतःशीच म्हणाला. शिरक्याचा कॅन त्यानं बाजूला ठेवला. मग त्यानंच पोती भिजवली, गजराच्या पाठीवर टाकली, डोक्यावर पाणी धरलं, घरच्या माणसासारखा तिच्या मानेला टेकून बसला. मुक्ताबाई तो कॅन बघत होती. त्याचं झाकणसुद्धा निघालं नव्हतं. डॉक्टर पोचायच्या आधी गजरानं मान टाकली.

डॉक्टर म्हणाला, ऊन असेल, खाण्यातलंही असेल, पोट उघडून बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. मुक्ताबाईनं गजराच्या अंगावर स्वतःला झोकून दिलं आणि हंबरडा फोडला. माझ्या गजराला कापू देणार नाही, म्हणाली. बायकांनी डोळ्याला पदर लावले. पोटच्या लेकरासारखं सांभाळलं होतं, म्हणाल्या. तिचं रडणं खरं होतं. भीतीही खरी होती. रडणं कुठं संपतं आणि भीती कुठं सुरू होते हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

तेवढ्यात रामहरी टेम्पो लावून आला. मेलेल्या म्हशीकडे बघून तो चिडला. दुसऱ्या कोणावर चिडता येत नसेल तर माणूस वस्तूवर चिडतो. त्याला गव्हाणीजवळ मोनिकाची पिशवी दिसली. हे काय, कुठनं आणलं, म्हणून तो ओरडला.

"गनीचाचाच्या दुकानातनं," मोनिका म्हणाली.

यावरही गोष्ट थांबू शकली असती. गनीभाई तिथंच होता, त्यानं सगळं समजावून सांगितलं असतं. पण मुक्ताबाई गजराच्या अंगावरून उठली, डोळे पुसले आणि म्हणाली, "ती भुकटी चालू केल्यापास्नंच गजरा सुस्त हुती."

गनीभाईनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. त्याचे हात अजून गजराच्या फेसानं ओले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीनं मुक्ताबाई बादली घेऊन गोठ्यात गेली. खुंटा मोकळा. ती तिथंच उभी राहिली. मागून पावलं वाजली आणि दोन वर्षांनी पहिल्यांदा सुनेचा आवाज तिच्यासाठी म्हणून आला.

"आत्याबाई, भुशाच्या पोत्यातली तुमची पिशवी मी चुलीत घातली."

म्हणजे हिलाही माहीत होतं. पहिल्यापासून. "बरं केलंस," ती म्हणाली.

"च्या ठेवलाय. या प्यायला."

दोघींनी एकाच ओट्यावर बसून चहा घेतला. मध्ये आता निरोप पोचवणारं कोणी उरलं नव्हतं.

रामहरीनं रागाच्या भरात मेलेल्या गजराचा आणि पिशवीचा फोटो दूधवाल्यांच्या ग्रुपवर टाकला होता. पहिल्या दिवशी लोकांनी हात जोडलेली चित्रं टाकली. मग कोणी लिहिलं, भुकटी भेसळीची असणार. मग भुकटीचं नाव मागं पडलं आणि गनीभाईचं आडनाव पुढं आलं. ज्यांनी आयुष्यात म्हैस बाळगली नाही अशी श्रीरामपूरची, नगरची पोरं त्यावर लिहायला लागली, की हे लोक मुद्दाम करतात. रामहरी घाबरला. त्यानं फोटो काढून टाकला. पण तोवर तो फोटो त्याचा राहिला नव्हता. वस्तीतल्या लोकांनी गनीभाईला तोंडावर काही म्हटलं नाही. नुसतं त्याच्या दुकानात जायचं बंद केलं. या गावाला न बोलता माणूस मारता येतो, हे त्या घरानं शिकवायची काही गरज नव्हती.

गनीभाई आला तो एका दुपारी, रामहरी घरी आहे हे बघून. हातात त्याच भुकटीची बंद पिशवी होती. ती त्यानं रामहरीपुढं ठेवली, म्हणाला, पाहिजे तिथं तपासून घे. मग मुक्ताबाईकडे वळला. आवाज चढवला नाही.

"वहिनी, तुमी दुसरी पिशवी न्यायला आल्त्या. मी म्हनलो, सूनबाईनं परवाच न्हेली. तुमी म्हनल्या, ती माहेरी धाडली. मी तुमाला सांगितलं हुतं, एकाच हातानं घाला. एवढं फक्त रामहरीला सांगा. मला दुसरं काय नको."

रामहरी आईकडे बघायला लागला. मुक्ताबाईला आसाराम आठवला, घोडेगावचा बाजार आठवला, ईदचे डबे आठवले. हे सगळं तिला आठवलं आणि तरीही ती म्हणाली, "मी पाडव्यापास्नं तुमच्या दुकानाची पायरी चढले न्हाई."

मोनिका पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली होती. तिनं विचारायचीही वाट पाहिली नाही. "आत्याबाई कुठं जातात उन्हाच्या? दुकानातलं सगळं मीच आनते. एकच पिशवी हुती, चाचा."

गनीभाईनं आळीपाळीनं दोघींकडे पाहिलं. तांब्या घेतला, पाणी सगळं प्यायला, तोंड पुसलं.

"बोलायला लागलात व्हय दोघी," तो म्हणाला. "चांगलं झालं."

आणि गेला. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मुक्ताबाईला सोपं गेलं असतं.

घर खरंच सुधारलं. सासू-सून एका ताटात जेवायला लागल्या. मोनिका सासूच्या डोक्याला तेल लावायची, मुक्ताबाई लंकाबाईसमोर सुनेची तारीफ करायची. दोघींना एकमेकींची इतकी काळजी, की एक घराबाहेर गेली तर दुसरी दाराकडे बघत बसायची, कुठं काय बोलून तर येणार नाही ना. रामहरीला यातलं काय ठाऊक! तो लोकांना सांगायचा, गजरा गेली पण घर सांधून गेली. दिवाळीच्या आत गनीभाईचं शटर कायमचं पडलं. तो श्रीरामपूरला मुलीकडे, हसीनाकडे राहायला गेला असं कळलं. दोघींनी ते ऐकलं आणि फराळाचं बोलायला लागल्या.

दिवाळीनंतर दुसरी म्हैस आली. तिचं नाव ठेवायचं कोणाच्या मनात आलं नाही. तिला सगळे म्हस म्हणायचे. मार्चमध्ये ईद आली. त्या सकाळी मुक्ताबाईनं पहिल्या धारेचं दूध काढून किटलीत वेगळं ठेवलं आणि किटलीचं झाकण लावल्यावर तिच्या लक्षात आलं. मोनिका जवळच उभी होती. तिनं किटली घेतली आणि न बोलता डेअरीच्या कॅनमध्ये ओतली.

पुन्हा पत्रे तापले, पुन्हा कडबा कोरडा पडला, पुन्हा दूध उतरलं. भुकटीचं नाव त्या घरात दोघींनी काढलं नसतं, पण रामहरीला संघातल्या डॉक्टरनंच सांगितलं की उन्हाळ्यात घालायलाच पाहिजे. एका संध्याकाळी तो श्रीरामपूरहून पिशवी घेऊन आला, ती ओट्यावर ठेवली आणि हात धुवून ताटावर बसला. मोनिका भाकरी थापत होती. मुक्ताबाई त्याच्या समोर बसली होती.

"गनीचाचा दिसला," रामहरी म्हणाला. "बाजारपेठेत दुसऱ्याच्या दुकानात पोती उतरवतो आता. मी तोंड फिरवून उभा हुतो, पन मालकानं पिशवी काढायला त्यालाच धाडलं. वळखलं त्यानं. कायबी बोलला न्हाई. पिशवी हातात देताना एवढंच म्हनला, आईला सांग, एकाच हातानं घाला." त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. "आपली म्हस मारली ती मारली, वर आपल्यालाच शिकवतोय."

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला, तेव्हा मोनिकानं ती उलटली. रामहरी जेवून उठला, अंगणात जाऊन मोबाईल बघत बसला. मुक्ताबाईचं ताट तसंच होतं. पिशवी ओट्यावर होती.

मोनिकानं तवा उतरवला, हात पुसले आणि सासूकडे न बघता विचारलं, "आत्याबाई, भुकटी तुमी घालता का मी घालू?"

मुक्ताबाईनं ते ऐकलं. केवढंसं वाक्य होतं. त्या दुपारी गजराच्या कानात सांगितलं असतं तरी पोचलं असतं.